थोरलीचा चेहरा

मी वारसा खराब केला, असं एका फाइलमध्ये माझ्याबद्दल लिहिलेलं आहे. टाइप केलेलं पान आहे, वर ट्रस्टचा शिक्का आहे आणि खाली 'चूक मान्य' या शब्दांपुढे मी सही करावी म्हणून ओळ सोडलेली आहे. मी सही केली नाही. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं आणि घरात सगळे म्हणत होते, कर गं सही, सहीनं काय होतंय. मला मात्र त्या सहीच्या नुसत्या विचारानं डोक्यात तिडीक जायची. आज पन्नाशी उलटली तरी जाते.

नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. भिवंडीत, कल्याण नाक्यापासून जरा आत, एका ट्रस्टच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर लोककलेचं छोटं संग्रहालय होतं. दंगलीनंतर गावातल्या चार भल्या माणसांनी ते काढलं होतं. माणसं एकमेकांच्या घरी जात नाहीत तर निदान एकमेकांच्या वस्तू तरी एका छपराखाली बघतील, असा त्यांचा भाबडा पण चांगला विचार होता. दोन खोल्या आणि एक व्हरांडा. भिंतीवर तारपा आणि ढोल, कपाटात लाकडी मुखवटे, आणि दुसऱ्या खोलीत मधोमध काचेच्या पेटीत दोन हातबाहुल्या. मी तिथे परिचर होते. झाडायचं, तिकीट फाडायचं, अभिप्रायाची वही पुढे करायची आणि दिवसभर 'हात लावू नका' म्हणायचं, एवढंच माझं काम होतं.

हातबाहुली म्हणजे दोरीवर नाचणारी नव्हे. तिला पाय नसतात. डोकं कागदाच्या लगद्याचं, पेरूएवढं, आणि त्याखाली घोळदार झगा. झग्यातून हात वर घालायचा, पहिलं बोट डोक्यात जातं, अंगठा आणि मधलं बोट बाहुलीच्या दोन हातांत. पेटीतल्या या दोघी एकाच नवऱ्याच्या बायका होत्या. खेळ करणाऱ्याच्या उजव्या हातात थोरली, डाव्या हातात धाकटी, आणि खेळ म्हणजे दोघींचं कडाक्याचं भांडण. यातलं काहीच मला तेव्हा माहीत नव्हतं. पेटीवरच्या चिठ्ठीत 'हातमोजा बाहुल्या, उत्तर भारत, पारंपरिक' एवढंच होतं. दोघी लाकडी खुंट्यांवर खोचून उभ्या केलेल्या होत्या, त्याही जागा उलट्या करून.

येणारी माणसं कशी बघतात ते मी बघत बसायचे. दुसरा उद्योग नव्हता. शाळांच्या सहली रांगेत येत आणि रांगेतच जात. बाई म्हणायच्या, "बघा मुलांनो, आपला सांस्कृतिक वारसा," आणि मुलं पंख्याकडे बघायची. ठाण्या-मुंबईहून आलेली मंडळी आधी चिठ्ठी वाचत, मग चिठ्ठी खरी आहे का हे तपासल्यासारखी बाहुल्यांकडे एकदा बघत आणि पुढे सरकत. वहीत लिहीत, 'स्तुत्य उपक्रम.' एकाने लिहिलं होतं, 'पिण्याच्या पाण्याची सोय करावी.' तो अभिप्राय मला सगळ्यांत प्रामाणिक वाटला होता.

धड बघितलं ते एकीनंच. गणेशपुरीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची एक म्हातारी करवंदं विकून झाल्यावर सावलीला म्हणून जिना चढून आली. मी तिच्याकडे तिकीट मागितलं नाही. ती पेटीभोवती दोनदा फिरली, गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि खालून झग्यात डोकावली.

"हिच्या आत कुनी न्हाय?"

"नाही आजी. नुसती बाहुली आहे."

"मंग ही जिती हाय का मेलेली हाय?"

मी हसले आणि म्हटलं, शोभेची आहे. "शोभेला उभी केलीव व्हय," एवढं बोलून ती खाली उतरून गेली. तिला हसल्याची मला आजही लाज वाटते, कारण तिला पहिल्या फेरीत जे दिसलं ते कळायला मला पुढचे दहा महिने लागले.

होळीला महिनाभर असताना चाची आली. तिला सगळेच चाची म्हणत. आमच्या वस्तीच्या मागे लूमचे कारखाने आहेत, त्यांतल्याच एकात ती कांडी भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या छोट्या लाकडी नळ्यांवर मशीनवर सूत गुंडाळायची. नवरा तिथेच लूमवर. अलाहाबादच्या बाजूची बाई, पण वीस वर्षं भिवंडीत काढलेली, त्यामुळे बोलणं अर्धं तिकडचं आणि अर्धं आमचं. आली ती सरळ दुसऱ्या खोलीत गेली आणि काचेवर तिनं थाडकन हात मारला.

"किसने खडी की ऐसी? थोरलीला डावीकडे कुणी घातली?"

"काचेला हात लावू नका," मी सवयीनं म्हटलं.

"अगं माझ्याच आहेत या दोघी. मैं नहीं लगाऊंगी तो कौन लगाएगा?"

मग तिनं मला खाली बसून सगळं सांगितलं. तिचा बाप गावोगाव या बाहुल्यांचे खेळ करायचा. मुलगा नव्हता म्हणून हिला शिकवलं. लग्नात त्या तिच्या पेटीतून भिवंडीला आल्या. दंगलीत तिच्या खोलीपासून तीन खोल्यांवर आग थांबली होती. त्यातून वाचल्या तर उंदरांनी धाकटीच्या झग्याची कड कुरतडली. तेव्हा संग्रहालयाचे जुने सचिव वस्तू गोळा करत फिरत होते. त्यांना तिनं दोघी दिल्या, पण एका शब्दावर. दरवर्षी होळीच्या आत ती येणार, दोघींचे चेहरे नव्यानं रंगवणार, हात घालून एक खेळ करणार आणि परत ठेवून जाणार.

हा तिच्या बापाच्या घराण्याचा रिवाज होता. होळी ते होळी एकदा तरी बाहुलीत हात गेला पाहिजे. नाही गेला तर ती बाहुली मेली असं धरतात. मग तिला घरात ठेवत नाहीत, नदीत सोडून देतात. जुन्या सचिवांनी दिलेला शब्द दरवर्षी पाळला होता. स्वतः खुर्ची टाकून बसायचे, चहा मागवायचे आणि शिव्या ऐकून पोट धरून हसायचे. गेल्या दिवाळीनंतर ते वारले. आता होळी जवळ आली होती आणि नव्या सचिवांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

"एक तास दे बेटी," चाची म्हणाली. "नाही मिळाला तर या दोघी माझ्यासाठी गेल्या."

मी तिला घेऊन सचिवांकडे गेले. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, सफारी घालायचे, कुणाशीही आवाज चढवून बोलायचे नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लेखी काही आहे?"

"साहेबांनी शब्द दिला होता."

"शब्दाची कुठे नोंद नसते, बाई. आणि हात घालून कापड फाटलं तर? आता त्या तुमच्या एकटीच्या नाहीत. सगळ्यांचा वारसा आहे तो."

"सबका है, तो मेरा भी है ना?" चाची म्हणाली.

त्यावर ते हसले आणि समोरच्या कागदात डोकं घातलं. मी तिथे मूग गिळून उभी होते, याचा मला चाचीपेक्षा जास्त राग आला. रात्री जेवण गेलं नाही. वडील पालिकेच्या पाणीखात्यात होते, नोकरी म्हणजे काय हे त्यांना नीट माहीत होतं. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हे बघ, चावी वापरलीस तर नोकरी जाईल. हे समजून वापर. नंतर रडत बसू नको माझ्यापुढे." नको वापरू, असं काही ते म्हणाले नाहीत.

भिवंडीची सुट्टी शुक्रवारी असते. त्या दिवशी लूम बंद, बाजार अर्धा बंद, आणि आठवडाभर खटखटीला सरावलेल्या कानांना रस्ता बहिरा झाल्यासारखा वाटतो. गाव बंद म्हणून संग्रहालयही शुक्रवारी बंद ठेवायचे. म्हणजे लूमवरच्या माणसाला ज्या एका दिवशी वेळ, त्याच दिवशी दाराला कुलूप. लोककला बघायला लोक का येत नाहीत, यावर तिथे दर तीन महिन्यांनी बैठक व्हायची. मी त्या बैठकांना चहा द्यायचे आणि हे बोलायचं धाडस मला तोवर झालेलं नव्हतं.

होळीच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी मी कुलूप काढलं. चाची एका डब्यात खडूची पांढरी पूड, गेरू, हळद आणि घरचं काजळ घेऊन आली होती. वाटीत डिंक भिजवून आणला होता. मी पेटी उघडली आणि दोघींना खुंट्यांवरून उतरवलं. थोरलीचा चेहरा जवळून बघितला तर कपाळाचे पोपडे निघालेले, एक भुवई अर्धी गेलेली. चाची व्हरांड्यात उन्हाला बसली आणि तिनं आधी पांढऱ्याचा हात दिला. तो वाळल्यावर हळद-गेरूचा. मग डोळे. मी बाजूला बसून वाट्या धरत होते आणि यात काही चूक आहे असं मला एका क्षणालाही वाटलं नाही.

वाटणार कसं? मी ज्या घरात वाढले तिथे जयंतीच्या आधी घराला रंग लागतोच. उधारी करा, रात्र जागवा, पण भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या पाहिजेत. वस्तीतल्या पुतळ्याचा निळा कोट दरवर्षी नव्यानं रंगतो, चष्म्याची काडी नव्यानं काळी होते. ज्या वर्षी रंग लागला नाही त्या वर्षी वस्तीनं मान खाली घालायची. आमच्यात उडालेला रंग म्हणजे कुणी विचारत नाही याची खूण. तो जपून ठेवायचा असतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी मला पटलं नसतं.

दुपारी माणसं आली. चाचीनं चाळीत सांगून ठेवलं होतं. लूमवाले, कांडीवाल्या, त्यांची पोरंबाळं, आमच्या वस्तीतल्या चार बायका, आणि भिंतीला टेकून उभे असलेले माझे वडील. चाची पेटीमागे बसली, समोर चादर बांधून घेतली, आणि दोन्ही हात वर केले. इतके दिवस खुंटीवर ताठ उभी असलेली थोरली मान वळवून सगळ्यांकडे बघायला लागली तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी तिला रोज पुसत होते. ती अशी बघू शकते हे मला माहीतच नव्हतं.

भांडण नळावरून सुरू झालं. धाकटीनं बादली पुढे सरकवली होती.

"तू आई तब तेरे पाँव में चप्पल नहीं थी!" थोरली म्हणाली.

"आणि तू जाशील तेव्हा तुझ्या तोंडात दात नसतील!" धाकटी म्हणाली.

"नवरा कुठाय? बुला उसको!"

"डबल शिफ्ट!"

पुढच्या शिव्या मी इथे लिहीत नाही. पण माणसं इतकी हसली की एका कांडीवालीला उचकी लागली. एक म्हातारा लूमवाला हसता हसता रडायला लागला, आणि शेजारच्यानं विचारल्यावर म्हणाला, लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून असं ऐकलं होतं. वडील हसत नव्हते, पण त्यांचे खांदे हलत होते.

आणि मग मी ती गोष्ट केली जिच्यामुळे सगळं बाहेर आलं. माणसं जायला निघाली तेव्हा मी अभिप्रायाची वही काढून दारात ठेवली. पाहुणे आले तर वही पुढे करायची, हा माझ्या कामाचा नियम होता आणि मी कामात कधी कुचराई केली नाही. ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी मराठी, हिंदी, उर्दू अशा तिन्ही भाषांत लिहिलं. ज्यांना येत नव्हतं त्यांनी अंगठे उठवले आणि बाजूला काय लिहायचं ते मला सांगितलं. 'धाकटी बरोबर बोलत होती.' 'पुन्हा कधी आहे?' 'बहोत साल बाद पेट भर के हँसा.' दोन पानं भरली. वर मी माझ्या वळणदार अक्षरात वार घातला, शुक्रवार.

सोमवारी सचिवांनी वही चाळली. संग्रहालय बंद असताना दोन पानं अभिप्राय. मग त्यांनी पेटीत बघितलं.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला घरी बसवलं आणि मुंबईहून एका तज्ज्ञ बाईंना बोलावलं. जुन्या वस्तू कशा राखायच्या याचं शिक्षण घेतलेल्या त्या बाई होत्या. चौकशीला मी गेले तेव्हा टेबलावर ते टाइप केलेलं पान तयार होतं. बाईंनी मला विचारलं, "तुम्हाला कळलं नाही का, की मूळ रंग झाकला गेला?"

"मूळ म्हणजे कुठला?" मी म्हटलं.

"जो होता तो."

"तो गेल्या वर्षीचा होता. आमच्या पुतळ्याचा कोट दरवर्षी रंगवतात. त्याचा मूळ कोट शोधायला या कधी आमच्या वस्तीत."

सचिवांनी पेन पुढे सरकवलं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

वरचा ताजा रंग काढून थोरलीचा अस्सल चेहरा परत मिळवायचा, असं ठरलं. धाकटीची पाळी नंतर. ते काम उन्हाळ्यात झालं आणि मला साक्षीला बोलावलं, कारण चावीची आणि पेटीची नोंद माझ्या नावावर होती. बाईंनी हातमोजे घातले आणि कापसाचा बोळा कसल्या तरी द्रवात बुडवून थोरलीच्या गालावरून फिरवला. चाचीनं दिलेला गेरू निघाला. खाली फिकट गुलाबी लागला. बाई म्हणाल्या, हाही अलीकडचा दिसतो. तो काढला. खाली पिवळा. त्याखाली परत पांढरा, मग विटकरी, मग काळपट काहीतरी. प्रत्येक थराला डोळे वेगळे होते. एकदा ते मोठे निघाले, एकदा बारीक, एका थराखाली डोळे चक्क झाकलेले, खाली बघणारे. मी म्हटलं, "बाई, थांबा. खाली चेहरा नाही. खाली अजून एक होळीच आहे." सचिव म्हणाले, मध्ये बोलू नका.

त्या थांबल्या तेव्हा उशीर झाला होता. शेवटचा रंग कापसावर आला आणि मागे करड्या कागदाचा गोळा उरला. नाकाच्या जागी नुसता उंचवटा होता. चाचीच्या बापानं आणि त्याच्या बापानं वर्षानुवर्षं एकावर एक चढवलेलं सगळं त्या टेबलावर कापसाच्या ओल्या बोळ्यांत पडलेलं होतं. बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी हातमोजे काढले आणि मला, सचिवांना नव्हे, म्हणाल्या, "मी आधीच थांबायला हवं होतं." तेवढ्यासाठी मी त्यांना मानते. सचिवांनी मात्र सगळे बोळे गोळा करून कचऱ्यात टाकायला सांगितलं, आणि ते सांगितलं मला.

मी टाकले नाहीत. पिशवीत घालून चाचीकडे नेले. ती कांडी भरत होती. तिनं एक एक बोळा उघडून बघितला. "हा अब्बाचा," ती म्हणाली. "विटकरी तेच लावायचे." मी रडायला लागले. ती रडली नाही. तिनं पदराला हात पुसले, मशीन चालू केलं आणि म्हणाली, "अब देख. आएँगे ये लोग."

ते आले. डिसेंबरात बाहेरचे कुणी मोठे पाहुणे संग्रहालय बघायला येणार होते आणि पत्रिकेत बाहुल्यांचा उल्लेख छापून गेला होता. सचिव स्वतः लूमच्या कारखान्यात आले. चाचीनं मला आधीच बोलावून ठेवलं होतं. चोवीस लूम एका वेळी चालू, तिथे शेजारच्या माणसाला हाक ऐकू येत नाही. सफारीवर सुताची पिसं बसत होती.

"चेहरा रंगवून द्याल का?" सचिव म्हणाले.

चाचीनं कानाला हात लावला.

"चेहरा! रंगवून! द्या!"

तिनं पुन्हा कानाला हात लावला. लूमवर आयुष्य काढलेली माणसं ओठांवरून बोलणं वाचतात. तिला पहिल्याच वेळी कळलं होतं. पण आयुष्यात कधी आवाज न चढवलेल्या त्या माणसाला तिनं तीनदा ओरडायला लावलं, आणि तिसऱ्यांदा त्यांच्या तोंडून 'आमची चूक झाली' हेही ओरडून निघालं. आजूबाजूच्या सगळ्या लूमवाल्यांनी ते ओठांवरून वाचलं.

"आता लेखी," चाची म्हणाली.

कागद मी लिहिला, तिथेच सुताच्या पेटीवर टेकवून. दरवर्षी होळीच्या आत शुक्रवारी संग्रहालय उघडं राहील. कुणीही येईल, तिकीट नाही. चाची दोघींत हात घालून खेळ करेल आणि शब्द तिचे तिचे असतील. चेहऱ्यांचा रंग कधी आणि कसा लावायचा हे चाची ठरवेल. आणि मला परत कामावर घेतील, चावी माझ्याकडे राहील. शेवटचं कलम चाचीनं सांगितलं, मी नव्हे. सचिवांनी दोनदा वाचलं आणि सही केली. चाचीनं अंगठा उठवला.

पाहुणे आले तेव्हा चाचीनं रंगवलं नाही. थोरली कपाटात ठेवून त्यांना एकट्या धाकटीवर भागवावं लागलं. सचिवांनी मला विचारलं, मी कागद दाखवला. कधी लावायचा हे चाची ठरवेल.

मग होळी आली. त्या शुक्रवारी जिन्यापर्यंत माणसं उभी होती. सचिव पहिल्या रांगेत बसले होते आणि त्यांच्या शेजारी स्वतःहून आलेल्या तज्ज्ञ बाई. चाचीनं रंगांचा डबा आणला होता. तो तिनं सगळ्यांसमोर खाली ठेवला, न उघडता. चादरीमागे बसली आणि उजव्या हातात तिनं तो करडा गोळा चढवला. नाक नाही, डोळे नाहीत, तोंड नाही.

गोळ्यानं मान वळवली. सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांकडे बघितलं. पहिल्या रांगेपाशी येऊन थांबला आणि तिथे बराच वेळ बघत राहिला. सचिवांनी मान खाली घातली. माझ्या बाजूची एक छोटी मुलगी आईला चिकटून म्हणाली, "मम्मी, ती बाई लय चिडलीय."

मग थोरली बोलली, आणि त्या दिवशी ती धाकटीशी भांडली नाही. पाऊण तास ती फक्त आपला चेहरा मागत होती. इसका दिया, उसका दिया, मेरा किधर गया. लोक हसत होते आणि डोळेही पुसत होते. धाकटी पहिल्यांदाच तिच्या बाजूनं उभी राहून शिव्या देत होती.

खेळ संपल्यावर सचिव पुढे आले. "आता तरी रंगवणार ना?" त्यांनी विचारलं.

"ना," चाची म्हणाली. "मला हवं तेव्हा. तोवर अशीच ठेवा. उजवीकडे."

त्यानंतर मी तिथे बरीच वर्षं होते. पेटीत उजवीकडे करडा गोळा उभा असायचा, दरवर्षी त्यात हात जायचा, आणि चाचीनं डबा काही उघडला नाही. येणाऱ्यांपैकी आता कुणीच चिठ्ठी वाचून पुढे सरकत नसे. सगळे थांबत आणि मला विचारत, हिचा चेहरा कुठे गेला? सचिव केबिनमध्ये असले की मी मुद्दाम दार उघडं ठेवायचे आणि मोठ्यानं सांगायचे. कुणी पुसायला लावला तेही सांगायचे, नावासकट.